भिंतीचा रंग आणि सदसद्विवेकबुद्धी

नाताळ जवळ येऊ लागला की आपल्या मंडळ्यांतील घराघरांत रंगकामाचे दिवस सुरू होतात. पावसाळा सरून भिंती सुकलेल्या असतात, दिवाळीच्या घाईतून रंगारी मोकळे झालेले असतात, आणि पाहुणे येण्याआधी निदान बाहेरची खोली तरी उजळून घ्यावी असे प्रत्येकाला वाटते. बेळगाव असो, इंदूर असो की बडोदे, चित्र सारखेच. पूर्वी निवड सोपी होती. चुन्यात चिमूटभर नीळ टाकली की पांढरा, गेरू टाकला की गुलाबी. चुना वाळल्यावर कितीतरी फिकट होतो, त्यामुळे भिंत शेवटी कोणत्या छटेची होईल हे रंगाऱ्यालाही नेमके सांगता येत नसे. जे होई ते घरची माणसे पत्करीत. आता दुकानात यंत्र आले आहे. ते पांढऱ्या रंगात थेंबाथेंबाने रंगद्रव्य मिसळून हवी ती छटा देते, आणि दुकानदार शेड कार्डाचा पंखा समोर उघडून धरतो. त्यात फिकट गुलाबीच एकाखाली एक अशा ओळीने मांडलेले. पुष्कळ खल करून त्यांतील दोन उरतात, ते दोन जवळजवळ सारखे असतात, आणि नेमके तेथेच घर अडते.

एवढ्याशा गोष्टीला मंडळीच्या मासिकात जागा कशाला, असे कोणी विचारील. पण दोन सारख्या छटांवरून घरात चार-चार दिवस अबोला धरलेला आम्ही पाहिला आहे, आणि त्याच निवडीसाठी गुडघे टेकून देवाची इच्छा विचारणारी सात्त्विक माणसेही पाहिली आहेत. हसून सोडून द्यावी अशी यातील एकही गोष्ट नाही. जेथे चूक-बरोबर असे काही नाही तेथे ख्रिस्ती मनुष्याने निवड कशी करावी, हा जुना प्रश्न आहे, आणि मंडळीच्या इतिहासात त्यावरून मोठे वाद झालेले आहेत.

प्रथम डोळ्यांचे ऐकू. कार्डावर दोन बोटे रुंदीचा जो तुकडा दिसतो तो भिंतीवर आला की तसाच दिसत नाही, आणि यात रंगाऱ्याची काही लबाडी नसते. चारही भिंतींना एकच गुलाबी लागला की एका भिंतीवरून परतलेला उजेड दुसरीवर पडतो, तेथून तिसरीवर, आणि प्रत्येक खेपेस तो अधिक गुलाबी होत जातो. म्हणून कार्डावर जेमतेम कळणारी छटा खोलीत चांगलीच गडद भासते. उत्तरेच्या खिडकीतून निळसर उजेड येतो, पश्चिमेच्या खिडकीतून संध्याकाळी तांबूस. पिवळ्या बल्बखाली जो गुलाबी उबदार वाटतो तोच पांढऱ्या ट्यूबलाइटखाली राखट वाटतो, कारण त्या उजेडात तांबड्याचा वाटा कमी असतो. याहून नवलाची गोष्ट अशी की निरनिराळ्या द्रव्यांनी बनवलेले दोन रंग दिवसा अगदी एक दिसून रात्री दिव्याखाली वेगळे पडू शकतात. साडीला जुळते ब्लाउजपीस घेताना दुकानाच्या पायरीवर उजेडात येऊन पाहणाऱ्या भगिनींना हे शास्त्र न शिकताच ठाऊक आहे. मुलाने दुकानातून मोबाईलवर पाठवलेल्या छायाचित्रावर भरवसा ठेवून रंग ठरवणाऱ्यांनी मात्र हे जरूर ध्यानात घ्यावे.

शेजारचा रंगही आपले काम करतो. पॅरिस येथील गोब्लँ या प्रसिद्ध कारखान्यात भिंतीवर टांगायचे चित्रपट विणीत असत. तेथील रंगशाळेचे प्रमुख मिशेल शेव्रल यांच्याकडे तक्रार आली की काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही. त्यांनी रंग तपासला. त्यात काही दोष नव्हता. दोष शेजारच्या धाग्यांत होता. काळ्याजवळ जो रंग विणला जाई त्यामुळे डोळ्याला काळा फिकट भासे. या शोधावर त्यांनी १८३९ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या घरांतही तेच घडते. शहाबादी फरशीच्या करड्या जमिनीवर जो गुलाबी खुलतो तोच गोव्याकडच्या लाल कोब्याच्या जमिनीजवळ पांढरट पडतो. म्हणून शेजारणीच्या घरात पाहून आणलेला क्रमांक आपल्या घरात फसतो, आणि मग दुकानदाराला बोल लावला जातो.

शिवाय पाहणारा डोळाही एक नाही. वय वाढते तसे डोळ्यातील भिंग पिवळसर होते आणि निळ्याचा काही भाग आत येऊच देत नाही. समजा दोन गुलाबींपैकी एक किंचित जांभळट आहे आणि दुसरा अबोलीकडे झुकणारा. तीस वर्षांच्या सुनेला त्यांतला फरक स्पष्ट दिसेल. सत्तरीच्या सासूला दोन्ही एकच वाटतील, आणि ती हट्टाने तसे म्हणत नसेल. पुढे तिचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले की जग तिला अचानक निळसर दिसू लागेल आणि त्या भिंतीही बदलतील. काही पुरुषांना जन्मतःच तांबड्या-हिरव्यातला भेद नीट कळत नाही. स्त्रियांत हा दोष फार विरळा. अशा गृहस्थांना फिकट गुलाबी आणि फिकट करडा यांत भेद करता येत नाही. ते बिचारे आयुष्यभर बायकोच्या पसंतीला मान डोलावतात, आणि लोक त्यांना समंजस म्हणतात.

रंगात स्वतःचा असा काही गुण आहे काय, हेही कोणी विचारते. १९७९ साली अमेरिकेत सिअॅटल येथील नौदलाच्या तुरुंगात एक कोठडी गडद गुलाबी रंगवली गेली आणि तिच्यात कैद्यांचा राग लवकर निवतो असे सांगितले गेले. पुढे पुष्कळ ठिकाणी तसे करून पाहिले. परंतु स्वित्झर्लंडमधील तुरुंगांत काळजीपूर्वक केलेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असा काही परिणाम आढळला नाही. तापट स्वभावाला औषध म्हणून कोणी गुलाबी रंग लावणार असेल तर त्याने पैसे वाचवावेत.

तर कोणता गुलाबी योग्य, या प्रश्नाला दुकानात उत्तर नाही. ती खोली, तो उजेड, ती जमीन आणि तेथे राहणाऱ्याचा डोळा यांच्याबाहेर त्याचे उत्तर मुळी कोठेच नाही. दोन छटांतील एक देवाच्या दप्तरात आधीच नोंदलेली आहे आणि ती ओळखून काढणे एवढेच आपले काम, असे समजून जे श्रद्धावंत अस्वस्थ होतात त्यांनी यावर थोडा विचार करावा असे आम्हांला वाटते.

ही अस्वस्थता मात्र खोटी नसते. चौदाव्या शतकातील फ्रेंच पंडित ज्याँ ब्युरिदाँ याच्या नावावर एका गाढवाची गोष्ट सांगतात. गवताच्या दोन सारख्या पेंढ्यांमध्ये ते बरोबर मधोमध उभे राहिले आणि कोणती आधी खावी हे न ठरल्यामुळे उपाशी मेले. गंमत अशी की ब्युरिदाँच्या ग्रंथांत हे गाढव सापडत नाही; ते त्याच्या टीकाकारांनी त्याच्या दावणीला बांधले. त्याच्याही पूर्वी, अकराव्या शतकात, मुसलमान तत्त्ववेत्ता अल्-गझाली याने दोन सारख्या खजुरांचा दाखला दिला होता. भुकेल्या माणसापुढे दोन सारखे खजूर ठेवले तर तो अडून बसत नाही, एक उचलतो. कारण काहीही नसताना निवडणे, ही इच्छाशक्तीची खूणच आहे, असे त्याचे म्हणणे. आम्हांला गाढवापेक्षा खजूर अधिक पटतो.

मग चिठ्ठी टाकावी काय? पवित्र शास्त्रात चिठ्ठ्या पुष्कळ ठिकाणी आहेत. नीतिसूत्रांच्या अठराव्या अध्यायात चिठ्ठीने भांडण मिटते असे म्हटले आहे. यहूदाच्या जागी कोणाला घ्यावे हे ठरवताना प्रेषितांनीही चिठ्ठ्या टाकल्या (प्रे. कृ. १:२६). मात्र आधी त्यांनी आपल्या विचाराने दोन लायक माणसे पुढे उभी केली होती, हे विसरू नये. हेर्नहूट येथील मोरावियन बंधूंनी तर विवाहासाठीही चिठ्ठीचा नियम ठेवला होता. सामान्य सभासदांवरील ते बंधन त्यांच्या १८१८ च्या धर्मसभेत उठवण्यात आले. त्यांच्या सहवासात असताना जॉन वेस्ली यांनी १७३७ साली जॉर्जियात आपल्या लग्नाचा प्रश्न चिठ्ठीवर सोपवला होता, हे आपल्या मेथडिस्ट वाचकांना ठाऊक असेल. पेंटेकॉस्टच्या दिवसानंतर मात्र प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकल्याचे आपल्या वाचण्यात येत नाही. सहाव्या अध्यायात विधवांच्या वाटणीचा प्रश्न निघाला तेव्हा मंडळीनेच आपसांत विचार करून सात पुरुष निवडले. एकमेकांशी बोलण्याचे जे काम त्यांनी केले ते चिठ्ठी टाळून नेते, आणि रंगाच्या बाबतीत चिठ्ठी काढून मोकळे होण्यास आमची हरकत आहे ती एवढ्यासाठीच. घरात बोलणेच नको म्हणून चिठ्ठी, असे पुष्कळदा होते.

प्रार्थनेविषयीही स्पष्ट लिहू. कोणता गुलाबी लावू, असे देवाला विचारण्यात पाप नाही. लेकरू बापाला काहीही विचारते. परंतु प्रार्थनेहून उठून ‘देवाने मला हाच दाखवला’ असे सुनेला सांगणे ही निराळी गोष्ट आहे. तिने आता काय बोलावे? तिला वाद घालायचा तर सासूशी नव्हे, देवाशी घालावा लागेल. घरातील मतभेदात देवाला एका पक्षाचा साक्षीदार करून आणण्याची ही सवय आपल्यांत कमी नाही, आणि ती भिंतीपुरती राहत नाही. पंचांच्या सभेतही ती येते.

ज्या गोष्टींची देवाने आज्ञाही केलेली नाही आणि मनाईही केलेली नाही अशांना ग्रीक पंडितांचा शब्द घेऊन मंडळीने ‘अदियाफोरा’ म्हटले. आपण त्यांना उदासीन गोष्टी म्हणू. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल खाण्यापिण्याविषयी व दिवस पाळण्याविषयी लिहितो ते याच जातीचे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी बांगड्या, केसांतील फुले, उपासनेतील टाळ-मृदंग यांवरून जे रणकंदन झाले तेही याच जातीचे. नारायण वामन टिळकांनी कीर्तन-अभंग मंडळीत रुजवले. आज ते आपल्याला आपलेच वाटतात.

पण उदासीन गोष्ट सदैव उदासीनच राहते काय? हा प्रश्न १५४८ साली जर्मनीत ऐरणीवर आला. सम्राट पाचव्या चार्ल्सने प्रॉटेस्टंट राजांचा पराभव करून जुने विधी पुन्हा लादण्याचा हुकूम काढला. मेलांख्थोन व त्याचे सोबती म्हणाले, झगे आणि विधी या उदासीन गोष्टी आहेत, तेवढ्यापुरते नमते घेऊ आणि सुवार्ता राखू. फ्लाशियसने उलट सांगितले की जेथे जबरदस्ती आहे आणि विश्वास कबूल करण्याची वेळ आली आहे तेथे कोणतीच गोष्ट उदासीन नसते. तीस वर्षे वाद चालला. १५७७ च्या लूथरन मतपत्रात दहाव्या कलमाने बऱ्याच अंशी फ्लाशियसचे म्हणणे मान्य केले. पौलाचे आचरण पाहिले तर हेच दिसते. तीमथ्याची सुंता त्याने स्वतः करवली (प्रे. कृ. १६:३), आणि तीताची सुंता व्हावी म्हणून खोटे बंधू अडून बसले तेव्हा तो क्षणभरही नमला नाही (गलती. २:३-५). विधी एकच. पहिल्या ठिकाणी दुसऱ्यांची सोय पाहून आपखुशीने केलेली गोष्ट होती, दुसऱ्या ठिकाणी गळ्यात दोरी होती.

सम्राटाच्या हुकुमावरून घरातल्या भिंतीकडे येणे ही मोठी उडी आहे, पण नियम तोच लागतो. रंग उदासीन आहे. तो कोणी कोणावर लादावा, हे उदासीन नाही. ज्या खोलीत मी राहणार नाही तिच्या भिंतीचा रंग मीच ठरवीन असा हट्ट धरला की मग तो गुलाबी जांभळट आहे की अबोलीकडे झुकणारा, हा प्रश्न मागे पडतो.

आमच्या माहितीतील एका घरात गावाकडची आई कायमची मुलाकडे राहायला यायची होती. वडील वारले होते, गावचे घर बंद झाले होते. मुलाने तिच्यासाठी मागची खोली रिकामी केली. आईला गुलाबी आवडतो हे ठाऊक होते, म्हणून गुलाबी ठरला. पण दोन छटांवरून मुलगा आणि सून यांचे जमेना. दोघांच्याही मनात आईविषयी मायाच होती. खोली न रंगवताच आई आली. तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, “मला काय रे, कोणताही चालेल. तुम्हांला आवडेल तो लावा.”

हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. आपल्या आयांनी जन्मभर तेच म्हटले आहे. पोळी जळकी असो की साडी विटकी, मला चालेल. मुलगा म्हणाला, आईने आपल्यावर सोपवले, आता आपण ठरवू. सून ऐकेना. तिने दोन पुठ्ठ्यांना दोन रंग लावले आणि काही न बोलता आईच्या खाटेसमोर भिंतीला टेकवून ठेवले. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी एक पुठ्ठा कपाटामागे सरकवलेला होता. त्यावर कोणी काही बोलले नाही, आणि रंगाऱ्याला निरोप गेला. कोणता पुठ्ठा राहिला हे आम्हांला ठाऊक नाही; विचारावेसेही वाटले नाही. घर सोडून आलेल्या त्या बाईला त्या वर्षी एवढी एकच गोष्ट स्वतः ठरवता आली असेल. ती तिच्या हातून काढून घेण्याचा अधिकार, कितीही माया असली तरी, मुलाला नव्हता असे आमचे मत आहे.

अब्राहाम आणि लोट यांची गोष्ट आपण जाणतो (उत्पत्ती १३). वडीलपण अब्राहामाचे होते, देशाचे वचनही त्यालाच मिळालेले होते. तरी आधी निवडण्याचा मान त्याने पुतण्याला दिला आणि उरेल ते स्वतःला घेतले. तेथे तर दोन बाजूंत जमीन-अस्मानाचे अंतर होते, एकीकडे पाण्याने भिजलेले खोरे होते. आपल्यापुढे दोन गुलाबी असतात, तेही सोडवत नाहीत.

मात्र सोडून देण्याचाही एक खोटा प्रकार आहे, आणि त्यात बहुतकरून आम्ही पुरुष पटाईत. ‘तुम्ही काय ते ठरवा’ म्हणून वर्तमानपत्रात तोंड घालायचे, आणि रंग वाळल्यावर रोज जेवताना भिंतीकडे पाहून सुस्कारा टाकायचा. निवडण्याचा भार दुसऱ्यावर आणि दोष देण्याचा हक्क स्वतःकडे, याला त्याग म्हणत नाहीत. अब्राहामाने लोटाची निवड झाल्यावर तक्रार केल्याचे कोठे लिहिलेले नाही; उलट लोट कैद झाला तेव्हा तो त्याला सोडवायला धावला.

पवित्र शास्त्र घराच्या भिंतींविषयी बोलते तेव्हा ते काय पाहते, हेही पाहण्यासारखे आहे. निवासमंडपाच्या पडद्यांचे रंग देवाने नेमून दिले. लोकांच्या घरांचे दिले नाहीत. घराविषयी आज्ञा आहे ती अशी की नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर, म्हणजे कोणी पडून मरणार नाही (अनुवाद २२:८). लेवीय चौदाव्या अध्यायात याजक घरात येऊन भिंतीवर हिरवट-तांबूस चट्टे आहेत का ते पाहतो, आणि असतील तर दगड काढून पुन्हा लिंपायला सांगतो. ओल आलेल्या भिंतीवर वरून रंग मारून विकणाऱ्या-भाड्याने देणाऱ्यांनी तो अध्याय वाचावा. आणि यिर्मयाच्या बाविसाव्या अध्यायात एका राजाने गंधसरूचे तक्ते बसवून वाड्याला हिंगुळाचा रंग दिला आहे. संदेष्टा रंगाला नावे ठेवीत नाही. काम करणाऱ्यांची मजुरी राजाने बुडवली, त्यावर तो बोलतो.

तेव्हा दुकानात जाऊन चौकशीच करायची तर छटेहून अधिक डब्याची करावी. रंगातील शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. आपल्या देशात २०१६ साली त्यासाठी नियम झाले, आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असू नये असे बंधन आले. पण जुन्या दारांवर, खिडक्यांच्या गजांवर, पाळण्यावर पूर्वीचा तैलरंग असतोच. तो कोरडा घासला की धूळ उडते, ती रंगाऱ्याच्या छातीत जाते आणि रांगणाऱ्या लेकराच्या हाताला लागते. घासायचे ते ओले करून घासावे, मुलांना त्या दिवसांत दुसऱ्या घरी ठेवावे, आणि रंगाऱ्याच्या तोंडाला फडके आहे की नाही ते पाहावे.

निवडीपुरते एवढेच सुचवू. दोन्ही रंगांचे लहान डबे आणून हातभर चौकोन दोन वेगळ्या भिंतींवर लावावेत, पुरते वाळू द्यावेत, आणि सकाळी, संध्याकाळी व दिवे लागल्यावर पाहावेत. त्या खोलीत जो निजणार असेल त्याला आधी विचारावे, आणि ‘कोणताही चालेल’ असे उत्तर आले तर आणखी दोन दिवस थांबावे. एवढे करूनही पहिला हात मारल्यावर घरात कोणाचे मन बदलले तर बदलू द्यावे. माणसांचे मन आहे. फक्त त्या रंगाचे पैसे आणि रंगाऱ्याचे वाया गेलेले दिवस त्याच्या हिशेबातून कापू नयेत. त्याने सांगितलेला रंगच लावला होता.